चुका पोटात घालणारा ड्रायव्हर कसा निवडावा

गोल्फमध्ये चेंडू सर्वांत लांब मारायचा क्लब म्हणजे ड्रायव्हर. माझा पहिला ९ अंशांचा होता (चेंडूला लागणाऱ्या फेसचा कल, म्हणजे लॉफ्ट). शाफ्ट (दांडा) कडक, हेड आटोपशीर आणि काळंभोर. बॅगेतून काढला की शेजारी मारायला उभा असलेला माणूस वळून बघायचा. चेंडू मात्र शंभरेक यार्ड नीट जायचा आणि मग उजवीकडून कुणीतरी हाक मारल्यासारखा तिकडे वळायचा. दहातला एखादाच फटका असा बसायचा की हाताला काही जाणवायचंही नाही आणि चेंडू दूर जाऊन ठिपक्याएवढा व्हायचा. त्या एका फटक्याच्या जिवावर मी तो ड्रायव्हर दीड वर्ष बाळगला. उरलेले नऊ चेंडू झाडीत शोधत फिरलो.

म्हणून सुरुवात थोड्या हिशोबाने करू. समजा तुमच्यापुढे दोन ड्रायव्हर आहेत. पहिल्याने दहा चेंडू मारले: एक २४० यार्ड, चार २०५ आणि पाच १७०. सरासरी १९१. दुसऱ्याने एक २२५, पाच २०८ आणि चार १९०. सरासरी २०२च्या वर. दुकानात आपण पहिला उचलतो, कारण २४० डोळ्यांपुढे नाचत असतात. मैदानावर ११ यार्ड जास्त दुसरा देतो, आणि त्याचे चेंडू सापडतातही. लांबी हवी असेल तर आपला सर्वांत वाईट फटका किती मागे पडतो ते बघायचं. 'फर्गिव्हिंग' ड्रायव्हर म्हणतात तो हाच. फटका फेसच्या मधोमध बसला नाही तरी तो चूक पोटात घालतो.

(पुढे दिशा आल्या आहेत त्या उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी उलट्या करून वाचाव्यात.)

पोटात घालतो म्हणजे नेमकं काय करतो

चेंडू फेसच्या बाहेरच्या टोकाकडे ('टो'कडे) लागला की हेड हातात पिळलं जातं. फेस उघडतो, वेग वाया जातो. हे पिळणं कमी करायचं तर हेडचं वजन मध्यापासून दूर, कडांना आणि मागे न्यायचं. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी लटकवलेली कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळून बघा. वळवत नाही. नुसता बांबू मात्र सहज फिरतो. शाळेत भौतिकशास्त्रात 'जडत्व आघूर्ण' शिकवलं होतं ते हेच. गोल्फवाले त्याला एमओआय म्हणतात. तो जितका जास्त तितकं हेड कमी पिळतं.

याला नियमाने मर्यादा आहे. यूएसजीए आणि आर अँड ए या दोन नियामक संस्थांच्या नियमांनुसार हेडचं आकारमान ४६० सीसीपर्यंत आणि उभ्या अक्षाभोवतीचा एमओआय ५,९०० ग्रॅम-वर्ग सेंटीमीटरपर्यंत असू शकतो, मोजमापाच्या थोड्या सवलतीसह. २०२४पासून काही ड्रायव्हरवर '१०के' अशी जाहिरात दिसते. ५,९००ची मर्यादा असताना १०,००० आले कुठून, असं वाटेल. तो आकडा दोन अक्षांची बेरीज आहे, हील (शाफ्टकडची बाजू) ते टो आणि वर ते खाली. खोटा नाही, फक्त दोन घागरींचं पाणी एकाच मापात ओतलंय.

फेसच्या उसळीलाही अशीच मर्यादा आहे आणि ती गेली वीसेक वर्षं जवळपास तिथेच आहे. म्हणून यंदाचं मॉडेल मागच्यापेक्षा वीस यार्ड लांब जातं असं कुणी सांगितलं तर हसून पुढे जावं. मधोमध बसलेल्या फटक्यात फार काही उरलेलं नाही. खरी प्रगती झाली आहे ती कडेला बसलेल्या फटक्यांत, आणि नवख्याचे बहुतेक फटके कडेलाच बसतात.

आधी स्वतःचा फेस वाचा

दुकानात जायच्या आधी एक दिवस सरावाच्या मैदानावर काढा. पायांना मारायचा पावडर स्प्रे मिळतो, तो फेसवर हलका फवारा. पांढरा पातळ थर बसतो. एक चेंडू मारा आणि फेस डोळ्यांजवळ आणा. चेंडूच्या खळग्यांचा बारीक जाळीदार गोल उमटलेला दिसेल, बोटाच्या ठशासारखा. फोटो काढा, पुसा, पुन्हा फवारा. असे दहा. घाईने सगळे एकावर एक मारू नका, नाहीतर कुठला ठसा कुठल्या फटक्याचा हे कळणार नाही.

मग ठसे कुठे जमलेत ते बघा. हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला जमले असतील तर चेंडूवर उजवीकडे वळवणारा स्पिन येतो आणि स्लाइस, म्हणजे चेंडूचं उजवीकडे वळणं, वाढतो. टोकडे असतील तर चेंडू उजवीकडे निघून डावीकडे परत वळतो. ड्रायव्हरचा फेस सपाट नसून किंचित फुगीर असतो, तो याच हिशोबाने. खाली बसलेला फटका कमी उंचीवर निघतो पण त्यावर उलटा स्पिन जास्त येतो. थोडा वर बसलेला उंच उडतो आणि स्पिन कमी घेतो, म्हणून तो बऱ्याचदा मधल्यापेक्षाही लांब जातो. तीन ठसे टोकडे, चार हीलकडे, दोन खाली आणि एक क्राउनच्या, म्हणजे हेडच्या वरच्या पाठीच्या, काठावर, असा चांदण्यांचा सडा पडला असेल तर खट्टू होऊ नका. तुम्हाला मोठं हेड आणि आखूड शाफ्ट लागणार, एवढंच कळलं.

दुसरी गोष्ट हेडचा वेग. लाँच मॉनिटर (वेग आणि उड्डाण मोजणारं यंत्र) असलेल्या कुठल्याही रेंजवर किंवा सिम्युलेटरवर अर्ध्या तासात कळतो. मोजताना नेहमीसारखंच मारा. आकडा दिसायला लागला की अंगात येतं आणि माणूस कंबर मोडेपर्यंत फिरवतो. तो वेग अठराव्या होलवर नसतो.

हेड: मोठं, मागे पसरलेलं

१९९१ साली कॅलवेचा 'बिग बर्था' आला तेव्हा त्याचं १९० सीसीचं हेड लोकांना अवाढव्य वाटलं होतं. आज ४६० सीसी ही नेहमीची गोष्ट आहे. नवख्याने याहून लहान हेडकडे बघूच नये.

एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत बहुधा तीन-चार भावंडं असतात. 'मॅक्स' नावाचं हेड साधारणपणे सर्वांत सांभाळून घेणारं. 'एलएस' किंवा तसलं काही नाव असलेलं कमी स्पिनचं, वेगवान खेळाडूंसाठी. तिसरं ड्रॉकडे, म्हणजे चेंडू डावीकडे वळवण्याकडे, झुकलेलं. हेड जमिनीवर टेकवून वरून बघा. मागे लांब पसरलेलं, थोडं त्रिकोणी किंवा चापट दिसत असेल तर वजन मागे आणि खाली आहे. त्याने चेंडू उंच उडायला मदत होते. पुढून मागे आखूड, गोलसर आणि खोल फेसचं हेड वरून देखणं दिसतं, पण ते पुष्कळदा वजन पुढे ठेवून बनवलेलं असतं. माझा काळाभोर त्यातलाच होता.

लॉफ्ट: इथे अहंकार आडवा येतो

कमी लॉफ्ट म्हणजे लांब फटका, ही समजूत टीव्ही बघून होते. पीजीए टूरवर, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत, हेडचा सरासरी वेग ताशी ११५ मैलांच्या घरात असतो. तेवढा वेग असला की ९ अंशांतही चेंडू हवेत टिकतो. हौशी पुरुष खेळाडूंचा वेग बहुतेकदा नव्वदीच्या आसपास असतो, नवख्याचा त्याहून कमी. म्हणजे आपण बघायला हवं ते एलपीजीएच्या, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टूरच्या, खेळाडूंकडे. त्यांचा सरासरी वेग ९५ मैलांच्या आसपास असतो. त्या चेंडूला किंचित वरच्या दिशेने, सुमारे ३ अंश, मारतात. चेंडू १३ अंशांच्या आसपास उडतो आणि हवेतच २२० यार्डांच्या आगेमागे जातो. तेवढ्याच वेगाचे कितीतरी पुरुष २००च्याही खाली राहतात, कारण चेंडू खाली निघतो आणि वरून दाबून मारल्यामुळे उलटा स्पिन नको तितका वाढतो.

ढोबळ मानाने असं धरा. वेग ८५ मैलांच्या खाली असेल तर १२ अंशांपासून सुरुवात करा. ८५ ते ९५च्या मध्ये १०.५, आणि शंका असेल तर वरचा आकडा. १०५च्या वर गेल्याशिवाय ९चा विषय काढायचं कारण नाही. जास्त लॉफ्टचा आणखी एक फायदा फार कुणी सांगत नाही. उलटा स्पिन वाढला की आडवा स्पिन त्यामानाने फिका पडतो आणि चेंडू कमी वळतो. १२ अंशांच्या ड्रायव्हरने मारलेला स्लाइस ९ अंशांच्या स्लाइसपेक्षा मवाळ असतो.

मॉनिटरवर बघायचं असेल तर नव्वदीच्या वेगाला १३ ते १५ अंशांचं उड्डाण आणि मिनिटाला २,५०० ते ३,००० फेऱ्यांचा स्पिन ठीक. स्पिन ३,५००च्या पुढे गेला की चेंडू वर चढतो, जागीच तरंगल्यासारखा होतो आणि धप्पकन पडतो.

शाफ्टची लांबी आणि बाकीचं

दुकानातला ड्रायव्हर बहुधा ४५.५ इंच किंवा त्याहून थोडा लांब असतो. नियम ४८ इंचांपर्यंत परवानगी देतो. २०२२पासून व्यावसायिक स्पर्धांना ती ४६ इंचांवर आणण्याची मुभा आहे. लांब शाफ्टने वेग वाढतो हे खरं, पण हेड हातापासून जितकं दूर तितका नेम चुकतो. मधोमध न बसलेला जलद फटका मधोमध बसलेल्या संथ फटक्याच्या मागे पडतो. कित्येक टूर खेळाडूसुद्धा ४५ इंचांच्या आतलाच शाफ्ट वापरतात. रोज शेकडो चेंडू मारणाऱ्यांना आखूड हवा वाटतो, तर आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने लांब का घ्यावा?

लगेच कापायला देऊ नका. आधी ग्रिप इंचभर खाली धरून पुन्हा पावडरचे दहा फटके मारा. ठसे एकमेकांच्या जवळ आले तर ४५ किंवा ४४.५ इंचांचा विचार करा. कापून घेतलंत तर हेड हाताला हलकं वाटू लागतं. अर्धा इंच कमी झाला की स्विंगवेटचे (क्लब फिरवताना हेड किती जड वाटतं त्या मापाचे) साधारण ३ अंक जातात, आणि एक अंक परत आणायला हेडमध्ये सुमारे २ ग्रॅम लागतात. हेडला बदलता येणारा वजनाचा स्क्रू असेल तर काम सोपं, नसेल तर सोलवर (हेडच्या तळाला) शिशाची चिकटपट्टी लावतात. दिसते ओबडधोबड, काम चोख करते.

फ्लेक्सबद्दल, म्हणजे शाफ्टच्या लवचिकपणाबद्दल, थोडक्यात. एल, ए, आर, एस, एक्स ही अक्षरं (नरमपासून कडकपर्यंत) सगळीकडे सारखी नसतात. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसएवढा कडक निघू शकतो. ८५ ते ९५च्या वेगाला आर बहुधा बरा, त्याखाली ए. शाफ्टवर 'सीनियर' किंवा 'लेडीज' छापलंय म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. चेंडूला वाचता येत नाही. वजन ५० ग्रॅमच्या आसपास घ्या, फार हलक्या शाफ्टने तोल जातो असं वाटलं तर ६०. टॉर्क, किक पॉइंट वगैरे शब्द सध्या कानाआड करा.

स्लाइस असेल तर

स्लाइस होतो तो फटक्याच्या वेळी फेस हेडच्या वाटेच्या मानाने उघडा राहतो म्हणून. ड्रॉकडे झुकलेल्या हेडमध्ये वजन हीलच्या बाजूला जास्त असतं, त्यामुळे फेस बंद व्हायला मदत होते. त्याने स्लाइस बरा होत नाही, कमी होतो. चाळीस यार्ड उजवीकडे जाणारा चेंडू वीस गेला तर रफमध्ये (कडेच्या लांब गवतात) सापडेल, झाडीत नाही. नवख्याला तेवढं पुष्कळ आहे.

होझल, म्हणजे हेड आणि शाफ्टचा सांधा, फिरवता येणारा ड्रायव्हर घेतलात तर लॉफ्ट वाढवताना फेसही किंचित बंद होतो, कमी करताना उघडतो. म्हणजे स्लाइसवाल्याने १०.५चा ९ केला तर स्वतःच्याच पायावर धोंडा. मी हा उद्योग केला आहे, आणि मग चेंडू इतका का वळतो म्हणून ग्रिप बदलत बसलो होतो.

प्रत्यक्ष मारून बघताना

इथे वेळ द्या. बाकी सगळं कागदावरचं आहे.

दोन, फार तर तीन ड्रायव्हर निवडा. जास्त घेतलेत तर शेवटी हात थकतात आणि शेवटचा बिचारा हकनाक नापास होतो. अंग मोकळं होईपर्यंत आयर्नने, म्हणजे छोट्या फटक्यांच्या क्लबने, मारा. मग पहिल्या ड्रायव्हरने पाच, दुसऱ्याने पाच, परत पहिल्याने पाच, परत दुसऱ्याने पाच. एकाचेच सलग पंधरा मारलेत तर हात त्या क्लबला सरावतात आणि तुलना बिघडते. चेंडू तोच, टीची (चेंडू ठेवायच्या खुंटीची) उंची तीच. रेंजवरचे जुने चेंडू कमी लांब जाऊ शकतात. तुलनेला ते चालतात, स्वतःची लांबी ठरवायला नाहीत.

वाईट फटके स्क्रीनवरून खोडू देऊ नका. 'हा काही तुमचा खरा फटका नव्हता' असं म्हणत समोरचा माणूस मोठ्या प्रेमाने ते पुसायला जातो. मला एकदा अशा पुसलेल्या पाटीवरून ड्रायव्हर विकला गेला आहे. सरासरी झकास होती, कारण तीनच चेंडू उरले होते. तुमचे खरे फटके तेच आहेत आणि ड्रायव्हर त्यांच्यासाठीच घ्यायचा आहे.

कागदावर तीन आकडे उतरवा. दहाही फटक्यांची कॅरी, म्हणजे चेंडू हवेत किती गेला त्याची सरासरी. सर्वांत वाईट तीन फटक्यांची सरासरी. आणि सर्वांत डावा ते सर्वांत उजवा चेंडू यांतलं अंतर. एकूण लांबीचा आकडा बंद खोलीत सोडून द्या. चेंडू पडल्यावर किती घरंगळला हे यंत्र अंदाजाने सांगतं. दोन ड्रायव्हरच्या कॅरीत चार-पाच यार्डांचाच फरक असेल तर ज्याचे वाईट तीन बरे तो उचला.

आणि आवाज ऐका. हा मुद्दा शास्त्रात बसत नाही, पण डबा वाजल्यासारखा आवाज करणारा ड्रायव्हर टीवर उभं राहिलं की नकोसा वाटतो, आणि नको वाटलं की स्विंग आखडतो.

जुना घ्यायचा असेल तर

माझ्या मते पहिला ड्रायव्हर जुनाच घ्यावा. चार-पाच वर्षांपूर्वीचं 'मॅक्स' हेड नव्यापेक्षा नवख्याच्या हातात फारसं मागे पडत नाही. तपासायचं मात्र नीट.

फेस उजेडात तिरका धरा आणि नखाने चाचपा. केसाएवढी चीर असेल तर परत ठेवा, ती वाढणारच. क्राउनवरचे ओरखडे चालतील, खळगा किंवा तडा नाही. हेड कानाजवळ हलवा. आत काही खुळखुळत असेल तर तो वाळलेल्या डिंकाचा तुकडा असू शकतो, तसाच निसटलेला भागही असू शकतो. होझलचा स्क्रू फिरतो का बघा, आणि पाना मागून घ्या. तो विसरला जातोच. शाफ्ट कुणी कापलाय का हे टेप लावून मोजा. नियमात बसणाऱ्या ड्रायव्हर हेडची अधिकृत यादी यूएसजीए आणि आर अँड ए प्रसिद्ध करतात. मॉडेल आणि लॉफ्ट त्यात ताडून बघा. बनावट क्लब याच बाजारात फिरतात, आणि नवाकोरा असूनही भाव निम्म्याहून खाली असेल तर संशय घ्यायलाच हवा.

घरी आणल्यावर

टी उंच लावा. हेड चेंडूमागे टेकवलं की निम्मा चेंडू क्राउनच्या वर दिसला पाहिजे. चेंडू डाव्या टाचेच्या समोर. यामुळे हेड वर चढताना चेंडूला भेटतं. नवा ड्रायव्हर घेऊनही टी जुन्या सवयीने जमिनीत रुतवणारे बघितले की वाईट वाटतं.

पहिला महिनाभर ग्रिप थोडी खाली धरा आणि दर आठवड्याला पावडरचे दहा ठसे बघा. दहातले सात-आठ मोठ्या नाण्याएवढ्या वर्तुळात यायला लागले की हात वर सरकवा. चेंडू फार उंच जाऊन तरंगायला लागला, तर होझल एक खूण कमी करा, एकच, आणि पुन्हा दहा मारा. पाना बॅगेतच असू द्या, पण फेरी सुरू झाली की त्याला हात लावायचा नाही. फेरी चालू असताना क्लबची मांडणी बदलणं नियमात बसत नाही.